लपवलेले चौकोन

१

रोज दुपारी डबा घेऊन मी भवानी पेठेत जायचे. जाताना ठरवायचे, आज उदयसिंहांशी भांडायचं नाही. आणि रोज भांडायचे.

उदयसिंह म्हणजे अभ्यासिकेचे मालक. पूर्वी तिथं यंत्रमागांची शेड होती. त्यांनी माग विकले, फरशी घातली, प्लायवूडच्या आडोशांची खुराडी केली आणि त्यांना केबिन म्हणायला सुरुवात केली. एका खुराड्यात एक टेबल, एक खुर्ची, एक बल्ब आणि स्पर्धा परीक्षा देणारं एक माणूस. माझी धाकटी बहीण संस्कृती त्यातल्या अगदी कोपऱ्यातल्या खुराड्यात गेली काही वर्षं बसत होती. आम्ही मूळच्या मोहोळकडच्या. सोलापुरात दोन खोल्या घेऊन दोघी राहायचो. मी घरून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायचे, ती साहेब व्हायचा प्रयत्न करायची.

मला प्रोग्रॅम लिहिता येतात हे उदयसिंहांना कळलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरची सगळी दुखणी माझ्या गळ्यात पडली. दाराशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, पडद्यावर अख्खा हॉल. प्रत्येक खुर्चीचा एक चौकोन, चौकोनात बसणाऱ्याचं नाव. खुर्चीच्या गादीखाली एक चपटी चकती. कुणी बसलं की चौकोन हिरवा, उठलं की राखाडी. ही अक्कल खुद्द उदयसिंहांची. मुली खुर्चीवर स्कार्फ टाकून जागा धरून ठेवतात आणि दिवसभर बाहेर उंडारतात, असा त्यांचा समज. सोलापुरात भर मे महिन्यात दुपारी कोण कुठं उंडारणार, ते त्यांनाच माहीत.

त्या दिवशी मी दारात पाय ठेवायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, हजेरीचा आकडा चुकायलाय. आत माणसं कमी हायती, हितं जास्त दावतंय."

"डोकी मोजली का?"

"दोनदा मोजली की."

"मग तिसऱ्यांदा मोजा," मी म्हणाले आणि डबा द्यायला आत गेले. येताना स्वतःच मोजत आले. उदयसिंहांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पडद्यावरचे हिरवे चौकोन आत बसलेल्यांइतकेच होते. पण खाली 'हजर' या शब्दापुढचा आकडा दुपटीहून जास्त होता.

२

हा प्रोग्रॅम बसवेश नावाच्या मुलानं लिहिला होता. अक्कलकोटकडचा. तोही इथंच अभ्यासाला बसायचा, आणि मग यायचा बंद झाला. "पुण्याला गेला म्हणं," उदयसिंह म्हणाले. यायचं बंद झालेलं प्रत्येक माणूस पुण्याला गेलं, असंच इथं समजतात. निवड झालेल्यांचे फेटा बांधलेले फोटो भिंतीवर लागतात. बाकीच्यांचं कुणी नावही काढत नाही. जणू ते कधी बसलेच नव्हते.

मी कोड उघडला आणि माझं टाळकं सरकलं.

अशा प्रोग्रॅममध्ये चौकोन आधीपासून काढून ठेवलेले नसतात. किती माणसं येतील ते कुणाला ठाऊक? म्हणून प्रोग्रॅम सुरू झाला की कोड एकेक चौकोन तिथल्या तिथं तयार करतो, त्याला जागा देतो, नाव देतो, चकतीशी जोडून देतो. हे कुणालाही जमतं. माणसाची लायकी कळते ती चौकोन काढताना. माणूस गेलं की त्याचा चौकोन पडद्यावरून उतरवायचा, चकतीशी असलेली त्याची जोडणी तोडायची आणि मग त्याला कायमचं मोकळं करायचं. बसवेशनं यातलं एकही केलं नव्हतं. माणूस गेलं की हा त्याचा चौकोन नुसता लपवायचा. दिसायचा बंद, बाकी सगळं जागच्या जागी. नवं माणूस आलं की त्याच जागेवर, वरून, नवा चौकोन.

आणि रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की आजवर इथं बसलेल्या सगळ्यांचे चौकोन पुन्हा तयार व्हायचे. आत्ताच्यांचे दिसायचे. गेलेल्यांचे तयार होऊन लपायचे.

दुसऱ्यानं लिहिलेला आळशी कोड निस्तरणं म्हणजे दुसऱ्याची खरकटी भांडी घासणं. मी बसवेशला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. आकड्यात लपलेले चौकोनही धरले जात होते, एवढंच. फक्त दिसणारेच मोज, असं एका ओळीत सांगितलं. आकडा जुळला.

"झालं बगा," उदयसिंह खूश झाले. "चुटकीसरशी!"

मी निघाले. रस्त्यावर आल्यावर मला सुचलं, की लपलेले चौकोन आकड्यात धरले जात होते म्हणजे ते हिरवे होते. आकडा फक्त हिरव्यांचाच होता.

३

दुसऱ्या दिवशी मी संस्कृतीला डबा खायला बाहेर पायरीवर बोलावलं. शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. माग थांबले की भवानी पेठेत अशी शांतता होते, की आपलेच कान वाजायला लागतात.

ती भाकरी हातात धरून बसली होती. खात नव्हती. तिचे डोळे आत गेले होते, मनगटाचं हाड वर आलं होतं. ही पोरगी गावाकडं विहिरीत उडी मारताना माझ्या अंगावर पाणी उडवून हसायची. आता हसायची सोडा, वर बघायची नाही. मला तिचा राग यायचा, आणि ज्यांनी ज्यांनी तिला इथं बसवलं त्या सगळ्यांचा त्याहून जास्त. एकच गोष्ट मला हवी होती. तिनं त्या खुर्चीतनं उठावं आणि माझ्याबरोबर घरी यावं. पास होवो न होवो, चुलीत जाऊ दे ती परीक्षा.

"खा की गं. शेंगाचटणी आणलीय."

"शेजारची पोरगी लई पानं उलटती, आक्का. बोटाला थुंकी लावून. ध्यानच लागत न्हाय."

"तुझ्या शेजारी तर भिंत हाय."

"त्या बाजूची न्हाय."

"मग कुठली? त्या बाजूला वाट हाय."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि परत डब्यात ठेवला. "अंगाला लागूनच की," ती म्हणाली. "जणू एकाच खुर्चीत दोघी."

"ऊठ तू. आजच घरी जाऊ. आईकडं चार दिवस राहा."

"जागा जाईल, आक्का."

हेच. दर वेळी हेच. त्या खुर्चीवरून दोघांची निवड झाली होती, म्हणून ती जागा पावते असं सगळे म्हणायचे, आणि पावणारी जागा सोडून कोण जातं? मी डबा आपटून बंद केला आणि तिला तिथंच सोडून आत टेबलाकडं गेले. लपलेले चौकोन कोणते आणि कोणत्या रंगाचे, ते दाखवणारी एक ओळ कोडमध्ये टाकली.

कोपऱ्यातल्या जागेवरचा संस्कृतीचा चौकोन राखाडी होता. बरोबरच होतं, ती बाहेर पायरीवर बसली होती. त्याच जागेवरचे, तिच्या खालचे सगळे लपलेले चौकोन हिरवे होते.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बावळट माणसांवर ठेवते, कारण ती रोज भेटतात. म्हणून मी स्वतःशी म्हटलं, बसवेशनं बसल्याची खबर लपलेल्यांना दिली असेल आणि उठल्याची द्यायची विसरला असेल. कोड पाहिला. उठल्याचीही दिली होती. मग म्हटलं, चकती बिघडली असेल. आत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीची गादी उचलली, चकती दाबली आणि उदयसिंहांना ओरडून विचारलं.

"हिरवं झालं," ते दारातून म्हणाले.

हात काढला.

"गेलं."

चकती ठणठणीत होती. मी गादी परत ठेवली. सरळ करायला तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. गादी ऊबदार होती. संस्कृती उठून बराच वेळ झाला होता, पण मे महिना होता आणि वर पत्रा होता. ऊबदार असणारच. मी हात साडीला... नव्हे, ड्रेसला पुसला. मी साडी नेसत नाही. तेव्हा एवढंही माझं मला कळलं नाही, यावरून काय ते समजा.

झाडलोट करणाऱ्या महानंदामावशी बादली घेऊन मागे उभ्या होत्या. "खुर्ची आत सरकवून ठेवा बाई," त्या म्हणाल्या. "मी रोज सगळ्या सरकवून जाते. सकाळी येऊन बघावं तर सगळ्या मागं."

"कुणीतरी लवकर येत असेल."

"कुलूप मीच काडते की." त्या फडकं पिळत राहिल्या. "आणि उटून गेल्यावर खुर्ची कशी वाकडीतिकडी ऱ्हाती? तशी न्हाय. माणूस बसल्यावर जेवडी मागं असती तेवडीच."

मी तरातरा उदयसिंहांकडं गेले. "माझ्या बहिणीला दुसरी जागा द्या. आजच्या आज."

"मॅडम, ती पावती जागा हाय. लोकं मागायलेत ती."

"तिथं तिच्याआधी किती जण बसले?"

"दोगं साहेब झाले की."

"ते नाही विचारलं. बसले किती?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडं बोट केलं. खरंच, त्यांनी कधी मोजलेच नव्हते. मी तिथूनच गावाकडं वडिलांना, आप्पांना, फोन लावला आणि सांगितलं, पोरीला घेऊन येते. आप्पा म्हणाले, "एवडं वरीस बसू दे तिला. आता उटीवलीस तर समदं वाया." मी फोन ठेवला. सगळ्यांचं एकच, बसू दे. एकालाही तिचं मनगट दिसत नव्हतं.

५

त्यानंतरच्या दुपारी मी ठरवूनच गेले. बसवेशची घाण काढून टाकायची. एकेक लपलेला चौकोन उतरवायचा, जोडणी तोडायची, मोकळा करायचा. नीट, रीतीप्रमाणे. खरं सांगायचं तर मला त्यांना घालवायचं होतं. ते नुसते चौकोन आहेत असं म्हणत म्हणत मी कळा बडवत होते.

घालवण्याआधी बघून घ्यावं म्हणून मी एक ओळ लिहिली. पडद्यावरचा प्रत्येक चौकोन दिसू दे. आणि एकाखाली एक झाकले जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला जरासं खाली सरकव.

पडदा भरला. प्रत्येक खुर्चीखाली चौकोनांची उतरंड लागली. कुठं तीन, कुठं पाच. कोपऱ्यातली उतरंड पडद्याच्या खाली गेली. मला सरकवत सरकवत खाली जावं लागलं. शिवानी. जोतिराम. चिमाबाई, म्हणजे कुठल्याशा आजीचं नाव मिरवणारी एखादी पोरच असणार. धोंडीराम. नावं संपेनात. एकालाही मी ओळखत नव्हते, आणि प्रत्येक नावामागं कुणीतरी 'बसू दे' म्हटलं असणार, हे मात्र ओळखत होते. अगदी तळाशी बसवेश. पुण्याला गेलेला. सगळे हिरवेगार.

इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. म्हणजे हे सगळं माणूस इथं बसलं, झिजलं, आणि उदयसिंहांच्या भिंतीवर दोन फेटे!

मी काढून टाकायची ओळ लिहायला घेतली आणि थांबले. कोणाला काढायचं? आत्ताचं कोण आणि पूर्वीचं कोण, हे सांगणारी प्रोग्रॅममध्ये एकच खूण होती. दिसतो तो आत्ताचा, लपलेला तो पूर्वीचा. आणि मी आत्ताच सगळ्यांना दिसू दे म्हटलं होतं. आता सगळे सारखेच होते.

शेजारचे माग थांबले.

६

त्या शांततेत आतून आवाज आला. खुर्च्यांचा. फरशीवर एक खुर्ची मागं सरकली की कसा खरखरीत आवाज होतो, तसा. एकीचा नव्हे. मग पानं. सगळ्या हॉलभर कुणीतरी बोट ओलं करून सावकाश पानं उलटत होतं.

उदयसिंह खुर्चीत मान टाकून घोरत होते. मी उठले आणि आत गेले.

प्लायवूडच्या आडोशांवरून रोज डोक्यांचे शेंडे दिसतात, खुराड्याला एक. मी वाटेच्या तोंडाशी उभी राहिले आणि मला शेंडे दिसले. खुराड्याला एक नव्हता. वाकलेली डोकी, एकामागं एक इतकी लागून, की मागच्याची हनुवटी पुढच्याच्या खांद्यावर असावी. वेण्या, बारीक कापलेले केस, स्कार्फ. कुणी हलत नव्हतं. फक्त पानं हलत होती. मी पापणी मिटली की उघडली ते आठवत नाही. बल्ब जरा मिणमिणल्यासारखे झाले, आणि मग ते सगळं मला नीट दिसेना की मीच नीट बघेना, कोण जाणे.

घाबरायला हवं होतं. पण मी घाबरले नाही. मी भडकले. माझी बहीण त्यात होती.

"संस्कृती!" मी ओरडले. अभ्यासिकेत ओरडायचं नाही, असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. "ऊठ! आत्ताच्या आत्ता ऊठ!"

कुणी वळून बघितलं नाही. मी भिंतीकडं बघत, खांदा घासत कोपऱ्यापर्यंत गेले, खुराड्यात हात घातला आणि हाताला जे मनगट लागलं ते धरून ओढलं. बारीक, हाड वर आलेलं मनगट. ती लगेच उठली. इतकी लगेच, की मीच मागं झोकांडले. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला होता. सोलापूरच्या उन्हात सगळ्याच पोरी बाहेर पडताना गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. मी एकदाही तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. रागात माणूस तोंड बघत नाही, हात धरतं आणि ओढतं.

वाटेत मी बोलतच होते. जागा गेली तर जाऊ दे, आप्पांचं मी बघते, उद्यापासून पुस्तकाला हात लावलास तर तंगडं मोडीन. तिनं एक शब्द उलट काढला नाही. दाराशी उदयसिंह दचकून जागे झाले. "मॅडम, हा पडदा असा काय झालाय?"

"तुमचं तुम्ही निस्तरा," मी म्हणाले. स्कूटी काढली. ती मागं बसली.

७

आमच्या खोलीवर न जाता मी सरळ पुणे रस्त्याला लागले. कपडे, पुस्तकं, काही नको. तासाभरात मोहोळ, तिथून गाव. बाळे गाव मागं पडलं तसा माझा श्वास खाली बसायला लागला. ऊन तोंडावर येत होतं, ट्रक अंगावर येत होते, आणि मला किती बरं वाटत होतं ते सांगता येणार नाही. तिनं माझ्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं होतं. लहानपणी सायकलवर धरायची तसं, घट्ट.

"भूक लागली का गं?" मी विचारलं. माझा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "पुढं काहीतरी खाऊ."

ती माझ्या पाठीला डोकं टेकून होती.

केगावच्या पुढं फोन वाजला. वाजून थांबला, परत वाजला. उदयसिंह असणार, पडद्याचं रडगाणं. त्यांना चांगलं खडसवायचं म्हणून मी एका लिंबाखाली गाडी थांबवली, एक पाय टेकला आणि खिशातून फोन काढला.

पडद्यावर संस्कृतीचं नाव होतं.

तिचा फोन मागं राहिला असेल. दुसऱ्या कुणी उचलून लावला असेल. मी कानाला लावला.

"आक्का, कुटं हायस तू?" माझ्या बहिणीचा आवाज. दम लागलेला, कुजबुजता, जसा अभ्यासिकेतून बोलताना असतो. मागून पानांचा आवाज येत होता. "तू आलतीस न्हवं आत्ता? तुजा आवाज ऐकला. मी हाक मारायलते, तू बगितलंच न्हाईस. आक्का, मला उटता येईना गं. वरनं भार आलाय. मला घरी ने. नको मला जागा. मला घरी ने की."

वर्षानुवर्षं मला तिच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं.

"आले," मी म्हणाले. "हलू नको. आले मी."

मी फोन खिशात टाकला. मागं बघितलं नाही. आरशातही नाही. रस्ता मोकळा झाल्यावर गाडी सोलापूरकडं वळवायला मी हँडल फिरवलं, तेव्हा माझ्या कमरेभोवतीचे हात आवळले गेले. मनगटाचं हाड माझ्या बरगडीत रुतलं, आणि स्कार्फच्या आतून, अगदी माझ्या कानाशी, एक मुलगी फार नम्रपणे बोलली.

"थांबू नका, ताई. माझं गाव अजून लई फुडं हाय. जेऊरच्या अंगाला. आई वाट बगत आसंल."